किरुबै अक्कांचा मुठीचा डबा

नाताळच्या तोंडावर आमच्या गल्लीत बातमी फिरली, की किरुबै अक्कांनी यंदा सगळ्यांसाठी हॉटेलातून जेवण मागवलंय, अगदी केळीच्या पानांसकट. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत बातमी चालत नाही, पळते. आणि पळताना माझ्या दारापुढच्या तिण्णैवर घटकाभर टेकून जाते. त्या ओट्यावरून सुटीच्या दिवशी मी फक्त जेवायला उठतो, त्यामुळे तिची माझी गाठ हटकून पडते.

पण ही बातमी साफ खोटी. माझी बायको सरोजा स्वतः विचारून आली. अक्कांनी काही मागवलं नव्हतं. काही ठरवलंसुद्धा नव्हतं. चर्चच्या पायरीवर घसरून उजवं मनगट मोडलेलं, हात प्लास्टरमध्ये, तरी जेवण मात्र दरवर्षीसारखंच होणार होतं.

"कसं होणार, अक्का?" सरोजानं विचारलं.

"प्रभू बघेल."

झालं! या दोन शब्दांवर बाईंनी आयुष्य काढलंय. पूर्ण नाव देवकिरुबै. घर तमिळ ख्रिस्ती, पण जन्म याच गल्लीतला, म्हणून मराठी आमच्या पोरांपेक्षा झक्क बोलतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी कोइंबतूरला नर्स, तिला नाताळात कधी रजा मिळत नाही. अक्का ब्लाउज शिवतात. गॅस संपला, प्रभू बघेल. मशीन बिघडलं, प्रभू बघेल. बसचा संप असला तरी या पर्स घेऊन स्टॉपवर उभ्या. "बस नाही अक्का," म्हटलं की म्हणणार, "बस नसेल, पण प्रभू काहीतरी धाडेल." आणि धाडतोच. बहुतेक वेळा माझी स्कूटर धाडतो.

नाताळच्या दुपारी सगळ्या गल्लीनं त्यांच्या अंगणात जेवायचं, ही त्यांच्या आईपासूनची चाल. आम्ही गल्लीतले मराठी लोक हिंदू, बरेचसे शाकाहारी. म्हणून त्या दिवशी त्यांच्याकडे भात, सांबार आणि पायसम. यंदा मी तिण्णैवरून विचारलंच, "काय अक्का, प्रभू स्वतः येणार का चूल पेटवायला?"

"येईल की. तू जेवायला ये म्हणजे झालं."

नाताळ उजाडला. चर्चहून येऊन अक्कांनी डाव्या हातानं पानं मांडली. पायसम मात्र कसंबसं त्यांनी ढवळून ठेवलं होतं. मग गल्ली यायला लागली, प्रत्येक जण हातात झाकलेलं पातेलं घेऊन. "अक्कांचा हात मोडलाय, म्हटलं आपण थोडं काही न्यावं," असं प्रत्येकीनं मनात ठरवलेलं आणि एकीनंही दुसरीला सांगितलेलं नाही.

चंद्रमतीवहिनींनी झाकण काढलं. शेवग्याचं सांबार. शेषाद्रींच्या घरून कांद्याचं सांबार. आमच्या सरोजाचं भोपळ्याचं. पुढचं मुळ्याचं. त्याच्या पुढचंही सांबार! आता हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. सांबार तंजावूरच्या आपल्याच मराठा राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं अशी इथल्या प्रत्येक मराठी घराची खात्री, आणि ते आता फक्त आपल्याच चुलीवर जमतं, अशी त्याहून मोठी खात्री. म्हणून परोपकाराला निघाले तरी सगळे सांबारच घेऊन निघाले.

"भात?" शेषाद्रींनी पानाकडे बघत विचारलं.

सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. भात काय, तो अक्का टाकतीलच, असं सगळ्यांनी धरलेलं. अक्का म्हणाल्या, "तांदूळ काल संपला. एका हातानं पोतं कसं आणू?"

मला राहवेना. "अक्का, तुमच्या प्रभूला सांबार फारच आवडतं वाटतं. भाताचं विसरला."

सरोजा म्हणाली, "मी घरून आणते तांदूळ." तर अक्कांनी प्लास्टरचा हातच आडवा धरला.

"भातही तुम्हीच आणायचा, तर मी काय वाढू? आईनं या अंगणातली पंगत एकदाही दुसऱ्याच्या भातावर उठवली नाही."

डोळे भरलेले. मी आपलं रिकामं पान पुसायला घेतलं.

मग त्या स्वयंपाकघरात जाऊन एका मोठ्या एव्हरसिल्वरच्या, म्हणजे स्टीलच्या डब्यापुढे उभ्या राहिल्या. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढायचा आणि डबा भरला की चर्चला न्यायचा, ही त्यांच्यातल्या बायकांची रीत. हात मोडल्यामुळे यंदाचा भरलेला डबा घरीच राहिला होता. पण तो देवाचा. अक्का त्याला हात लावेनात. शेवटी पास्टरांना फोन केला, आणि डाव्या हातानं काय दाबलं कोण जाणे, त्यांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"जेवायला माणसं बसलीत का, अम्मा?"

"बसलीत, पास्टर."

"मग मला का विचारता? देवाचा तांदूळ, देवाचे पाहुणे. आधी वाढा."

अक्कांनी डोळे पुसले आणि वळून नेमकं माझ्याकडे, त्यांच्या मानलेल्या धाकट्या भावाकडे बघितलं.

"तंबी, ऊठ. धुवायला घे."

बायका हसत बसल्या, उठली एकही नाही. मी तांदूळ धुतला, मोठं पातेलं उचललं, अक्कांच्या शिव्या खात भात केला. डब्यात कधीचा दुकानातला बारीक पोन्नी तांदूळ, कधीचा रेशनचा, सगळा एकत्र. त्यामुळे काही शितं मऊ, काही टणक, आणि तळाला थोडा लागलेला. पण अक्कांनी डाव्या हातानं एकेका पानावर स्वतः वाढला. गल्लीनं पाच तऱ्हेच्या सांबारांबरोबर तो चाटूनपुसून संपवला.

हात धुताना मी परत खोडी काढलीच. "अक्का, सांबार गल्लीचं, तांदूळ तुमच्या मुठीचा, भात माझा. मग तुमच्या प्रभूनं नेमकं केलं काय?"

अक्का म्हणाल्या, "तुला तिण्णैवरून उठवलं. बायबलात समुद्र दुभंगवायला त्याला इतके कष्ट पडले नव्हते."