भोयर सरांचा बिनतिखटाचा डबा

सौंसरच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्या शिक्षकांचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. कोणाच्या घरी काय शिजलं ते लपायचं नाही, अन् किस्से आपोआप साचत जायचे. ऐंशीच्या दशकातले भोयर सरांचे किस्से तर विचारूच नका!

सर इतिहास शिकवायचे. लढाई वर्गात अन् आवाज रस्त्यावर! पण त्यांचं सारखं तोंड यायचं. एकदा जिभेवर इतके फोड आले की पाणी पिणंही मुश्किल. तरी रजा नाही! पूर्ण पिरियड फळ्यावर लिहून शिकवला. शाळेतला सगळ्यात दांडगा वर्ग, पण खडूचा आवाज मला शेजारच्या वर्गात शिकवताना ऐकू येत होता.

*

पांढुर्ण्याचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, औषधानं तेवढ्यापुरतं बरं वाटेल. तिखट, सुपारी, कढत चहा सोडा. दही-भात, मुगाचं वरण, पालेभाजी खा."

दुसऱ्या दिवशी डब्यात पांढराशुभ्र दही-भात! पीटीचे सर म्हणाले, "चुकून नातवाचा डबा आणला का जी?"

"हसून घ्या बाप्पा! मले हसता येत नाही, ओठ दुखून राह्यला."

*

रामाकोन्याला एक लग्न होतं. वांग्याची भाजी, वर लालभडक तर्री. नवरीचे वडील वाटी घेऊन आग्रहाला आले, "सर, थोडीशी तरी!"

सरांनी वाटी नाकाजवळ नेली, डोळे मिटून लांब श्वास घेतला अन् परत दिली.

"झालं माझं जेवण. अशी भाजी पंचक्रोशीत नाही!"

नवरीचे वडील खूश! मी शेजारीच बसलो होतो. सरांची नजर त्या वाटीमागं पंगतभर फिरत होती.

*

पुढे फोड येणं कमी झालं, मग थांबलंच. वर्गात पुन्हा तोफा सुरू! पीटीच्या सरांनी गुपचूप सुपारी सोडली.

*

एका रविवारी मी न सांगता त्यांच्या घरी गेलो. दारातच ठसका लागला. आत सर पाट्यावर मिरच्या-लसूण वाटत होते, डोळ्यांतून धारा!

"सर, हे काय करून राहिले?"

"माझ्यासाठी नाही जी. तुमची वहिनी बोरगावची. ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता तिचा. माझं तोंड आलं तेव्हापासून तिनं घरात मिरची आणलीच नाही. विचारलं तर म्हणे, मले बी दही-भातच आवडते."

त्यांनी गरम भाकरीवर ठेचा वाढून ताट वहिनींपुढे ठेवलं. वहिनींनी पहिला घास घेतला. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"मीठ कमी हाय," वहिनी म्हणाल्या, अन् दुसरा घास मोडला.