सत्तर ओळींची काटकसरबाई

ऑफिसात त्यांना सगळे काटकसरबाई म्हणत, तेही तोंडावर. लोक पानभर कोड लिहीत, ते त्या चार ओळींत उरकायच्या. मी चाळिशीत टायरचं दुकान बंद करून या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आलो, म्हणून मी टायरवाले. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे अजून ठरायचं होतं.

काम डोळ्यांच्या दवाखान्याचं होतं. रिसेप्शनच्या स्क्रीनवर वर चालू नंबर, खाली थांबलेल्यांची यादी. पानाने या घडीला जे लक्षात ठेवायचं, त्याला आमच्यात स्टेट म्हणतात. त्यासाठी साहेबांना भलीमोठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आणायची होती. बाईंनी सत्तर ओळींत भागवलं.

"एक गोष्ट एकाच जागी लिहायची," त्या म्हणायच्या, "बाकीच्यांनी तिथे बघून बोलायचं."

तीन महिने सुरळीत गेले. मग एके सकाळी वर चाळीसच अडकलेला आणि खाली यादी बेचाळीसपासून सुरू. या गोंधळात एक्केचाळीस नंबरच्या आजी डोळ्यांत थेंब घालून तीन तास बसून राहिल्या. दवाखान्याचा फोन आला, साहेब तापले. वरच्या नंबराच्या चौकटीला शेवटचा हात माझा लागला होता. मी फक्त रंग बदलला होता, पण ऐकतो कोण?

"टायरवाले, हे काम तुम्हाला झेपत नाहीये," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! बायकोला काय सांगू, हेच डोक्यात.

बाई दुपारभर कोड वाचत बसल्या. मग साहेबांना हाक मारून त्यांनी स्क्रीन दाखवला.

"ही ओळ माझी. नेट गेलं की नंबर गायब होतो, असं रिसेप्शनची मुलगी म्हणाली. म्हणून वरच्या चौकटीला स्वतःचा वेगळा आकडा लक्षात ठेवायला लावला. दोन दिवसांपुरता. मग काढायचा विसरले. यांचा काही संबंध नाही."

ती ओळ गुपचूप पुसली असती तरी कुणाला कळलं नसतं. साहेब कोड उघडून बघतात कधी?

"म्हणजे आता लायब्ररी आणायचीच," साहेब म्हणाले.

"आणा. असली ओळ तिथेही लिहिता येते म्हणा," बाई म्हणाल्या आणि आजींचा फोन नंबर मागून घेतला. माफी मागायला.

मी कायम झालो. पहिलंच काम मिळालं ते त्यांच्या सत्तर ओळी काढून टाकायचं. बाई स्वतःची खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. प्रत्येक ओळ पुसण्याआधी ती तशी का लिहिली, ते नीट समजावून सांगत होत्या. विसाव्या ओळीला मला पुढचं दिसेना. चष्मा काढून डोळे पुसले.

"पुसा हो," त्या म्हणाल्या, "अजून पन्नास आहेत."