भविष्य दिसणारा उंदीर

"उंदराले भविष्य दिसून राहिलं गा!" धोटे सर पेढ्यांचा पुडा घेऊनच लॅबमध्ये शिरले.

स्क्रीनवर व्हिडिओ चालू होता. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधीच उंदराच्या मेंदूचा सिग्नल उसळत होता. "थीसिसचं टायटल बदल," सरांनी प्रणालीला फर्मावलं. "दसरा पावला आपल्याले."

प्रणाली आमची पीएचडीची विद्यार्थिनी. थीसिस याच महिन्यात द्यायचा होता. सर बाहेर जाताच ती रडकुंडीला आली. "दादा, परीक्षक हसतीन मले. नाव तर माझंच राहीन ना त्याच्यावर!"

मी लॅबचा इंजिनिअर. व्हिडिओ आणि मेंदूचं रेकॉर्डिंग जुळवायची सोय मी बसवलेली; रोज ती चालवायची प्रणाली. दोन्ही मशीनची घड्याळं वेगळी. म्हणून कॅमेऱ्यासमोर एक एलईडी लुकलुकतो आणि त्याच क्षणी मेंदूच्या रेकॉर्डिंगमध्ये खूण पडते. सॉफ्टवेअर या दोघांची जोडी लावतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट, आणि त्याचा कोड कोणालाही बदलता येतो. फुकट म्हणूनच सरांचा त्याच्यावर राग.

मी दसऱ्याआधीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यातला उंदीर साधाच होता. दार उघडलं की मग दचकायचा. दसऱ्यानंतर मात्र ज्योतिषी झालेला.

"दसऱ्याले काय केलं होतं आपण?"

"पूजा," प्रणाली म्हणाली, आणि आम्ही दोघं पिंजऱ्याकडे धावलो.

सरांनी झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं होतं. एलईडीवर तर चांगलंच थापलं होतं. दिवा दिसेना, म्हणून सॉफ्टवेअरने दोन्ही रेकॉर्डिंग एकदम सुरू झाली असं धरलं. खरं तर कॅमेरा आधी सुरू व्हायचा. त्यामुळे मेंदू पुढे पळाल्यासारखा दिसला.

"वॉर्निंग नाही आली?" मी विचारलं.

"रोज येते. लाल अक्षरात. सर म्हणे, फुकटचं हाये, बोंबलणारच. ओके दाब."

माझं डोकंच फिरलं. पण कुंकवातून पुसट उजेड येत होता. कोडमध्ये जाऊन मी तेवढा उजेडही मोजायला लावला. सगळ्या जोड्या लागल्या. थीसिस वाचला, उंदराची विद्या गेली.

सरांना नवा व्हिडिओ दाखवला. "एखादं रेकॉर्डिंग तरी तसंच राहू दे ना गा. पेढे वाटून झाले."

प्रणालीने जुन्याच टायटलने थीसिस दिला. पूजेचं कुंकू पुसायला सरांनी मनाई केली, म्हणून मी शेजारी दुसरा एलईडी बसवला. सर लगेच कुंकू घेऊन आले. "नवीन वस्तू हाये, आधी पूजा."

तेव्हापासून सर जेवायला गेले की मी दिवा पुसतो आणि लाल अक्षरं वाचतो.