आवाजाचा ड्रायव्हर

समस्त मुरबाड-शहापूरकरांस गंभीरपणे कळविण्यात येते, की आमच्या बाजारपेठेतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा यंत्रांची उलटतपासणी घेतो! पडद्यावर सगळे भाग उघडायचे आणि एकेकाला दरडावायचं, "तू कोणाच्या सांगण्यावर चालतोस रे?" मग कोणता भाग कुठला ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, वापरतोय, ते कोर्टातल्यासारखं मोठ्याने वाचायचं. मी तिथे फुकटचा तमाशा बघायला बसतो.

परवा शेणव्याची एक बाई मुलाचा कॉम्प्युटर घेऊन आली. मुलगा उन्हाळ्यात वारला. नवा माईक तपासताना त्याने केलेलं रेकॉर्डिंग आत होतं, पण आवाजच येत नव्हता. "भाचा म्हणतो, सगळं पुसून नवीन टाका."

"पुसायचं नाय, मावशी. आधी विचारू."

आवाजाच्या भागाला भाच्याने भलत्याच मशीनचा ड्रायव्हर घातलेला निघाला. आमच्या दुरुस्तीवाल्याने तो काढला, योग्य तो बसवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"आये, आवाज येतोय का गो?"

आमचा बडबड्या पाठ फिरवून उगाच वायरी गुंडाळत राहिला. बाई मात्र स्पीकरवर वाकली आणि भर दुकानात ओरडली, "येतोय रे! बोल तू!"