पहिला घास

आमच्या युसूफ वडगावात कुणाची गॅसची शेगडी रुसली की कडूबाईला बोलावणं जातं. नवरा शेगड्या दुरुस्त करायचा. तो गेल्यावर त्याची पिशवी हिनं खांद्याला लावली. आधी लोक फिदीफिदी हसले, आता तिच्याच दारात उभे ऱ्हातेत. बाई लई तोंडाळ, माझ्याशी तर रोज भांडती. पण खरं सांगू? मला तिचा लई अभिमान हाय.

परवा शेजारच्या बायनाबाईकडं कालवा झाला. शेगडीचा जाळ पिवळा, भांडी काळीकुट्ट. "ह्या गॅसात काई राम न्हाई," बायनाबाई कडाडली, "टाकी परत द्या. उद्यापासून चूल!" सुनेचं, बबिताचं तोंड एवढंसं झालं. पोरीला दमा हाय. चुलीच्या धुरात ती कशी तडफडती, ते मी बघितलंय. पण सासूपुढं बोलणार कोण? मीच पळत जाऊन कडूबाईला आणलं.

आल्या आल्या तिनं टाकीचा रेग्युलेटर बंद केला अन् बर्नर उचलले. आतून काय निघावं? तुपात जळालेले भाकरीचे तुकडे! बायनाबाई हळूच म्हणाली, "पहिला घास अग्नीला द्यावा लागतो. चुलीत टाकायचे, तसा ह्यात टाकते."

मला हसूच फुटणार होतं. कडूबाईनं असे डोळे वटारले की मी पदरच तोंडाला लावला.

तिनं बर्नर गरम पाण्यात सोडा घालून भिजवले, एकेक भोक पिनेनं मोकळं केलं, उन्हात खडखडीत वाळवले. नळीला साबणाचा फेस लावून गॅस गळतो का तेबी बघितलं. मग काडी ओढली. निळाशार जाळ!

"आता घास कुठं टाकू?" बायनाबाई रडकुंडीला आली. "माझ्या सासूनं घालून दिलेली रीत हाय. मोडू कशी?"

"मोडू नका, मावशी," कडूबाई म्हणाली. "पण अग्नी काय शेगडीतच असतो व्हय? माणसाच्या पोटातबी हायच की."

बबितानं भाकरी टाकली, टम्म फुगली. सासूनं तुकडा मोडला, तूप लावलं. हात सवयीनं बर्नरकडं गेला अन् थांबला. मग तिनं तो घास सुनेच्या तोंडाशी धरला. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी पोर ती.

"खा गं. जाळापुढं रोज तूच उभी ऱ्हातीस."

बबिता हुंदका देत घास चावत होती. कडूबाईनं पिशवी उचलली अन् करवादली, "बर्नर धुतले तर वले बसवू नका गं!" पण जाताजाता तिनंबी पदरानं डोळे पुसले.