राजाच्या दरबारातला कंडक्टर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्रांसोबत परतूरला नाटकं केली त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्र्या माणसाला तेवढंच जमतं.

सत्तरच्या दशकात आमच्या मंडळाच्या प्रत्येक नाटकात एसटीचा एक कंडक्टर यायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक — नाटक हुंड्याचं असो, दरोड्याचं असो, नाहीतर राजाराणीचं. खाकी टोपी, गळ्यात चामडी पिशवी, हातात तिकिटाचा चिमटा. भर दरबारात घुसून तो राजाकडे सुट्टे पैसे मागायचा आणि मांडव डोक्यावर घेतला जायचा. कथेशी त्याचा काडीचा संबंध नसे. पण तो येऊन गेल्याशिवाय आमचे रसिक — रसिक कसले, शेंगा फोडायला जमलेली गर्दी — जागचे हलायचे नाहीत. तो कंडक्टर मी करायचो. आणि गावभर मिरवायचो, जणू एसटी मीच काढली.

तो माझा नव्हता.

आष्टीला मामाकडे गेलो होतो, तेव्हा बौद्ध वस्तीत जयंतीचा जलसा चालला होता. मी बैलगाडीच्या आडून पाहिला. समोर जाऊन बसायची लाज वाटली — काय ते आमचं खानदान! उत्तम नावाचा एक मजूर गडी हा कंडक्टर करत होता, त्यांच्याही प्रत्येक नाटकात. टोपी, चिमटा, ते सुट्टे मागणं, सगळं त्याचं. मी जसंच्या तसं उचललं. परतूरचं आमच्यातलं कुणी तिकडं जलसा बघायला जाणार नाही, तेव्हा चोरी पचणार — हा विचार मी तिथंच उभ्या उभ्या केला. हुशार ना?

उत्तमला कळलंच. तो घरी आला, अंगणात उभा राहिला. आत ये, असं मी म्हणालो नाही. वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "तुम्ही बी करा, मी बी करून राह्यलो. फकस्त माइकवर माझं नाव सांगत जा." मी हो हो, बराबर म्हणालो. सांगितलं का? एकदाही नाही.

मग शाळेच्या मैदानात नाटकांची स्पर्धा झाली. उत्तमचा संच आला. तो टोपी घालून पुढं आला, तसे आमचे लोक ओरडायला लागले — चोर, आमचा कंडक्टर पळवला. नाटक थांबलं. अध्यक्षांनी मला वर बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, हा कंडक्टर नक्की कुणाचा. उत्तम माझ्याकडं बघत होता. तो घाबरला नव्हता — मी खरं सांगेन, अशी त्याची खात्री होती. माझ्यासारख्यात त्यानं असं काय पाहिलं होतं?

"कंडक्टर माझाच हाये," मी माइकवर म्हणालो. "पण गरिबानं केला तर आपली बिलकुल हरकत न्हाई."

टाळ्या पडल्या. माझ्या मोठ्या मनाला! उत्तमनं टोपी काढली आणि तो आत गेला. राहिलेलं नाटक त्याच्या संचानं कंडक्टरशिवाय उरकलं.

त्यानं पुन्हा तो कधीच केला नाही. मी केला, कितीतरी वर्षं. पुढं आष्टीलाही केला, त्याच्या गावात. त्याची पोरं कडेला बसली होती, तोंडावळ्यावरून मी ओळखली. तीही पोटभर हसली.