ट्यूबची टोपी

पिंपळवंडीत रस्त्याकडेला माझं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब टाकीत बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथं घासून सोल्युशन लावायचं आणि पॅच ठोकायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे कुठून काय गळतंय हे आपल्याइतकं तालुक्यात कुणालाच कळत नाही, असा माझा पक्का समज झाला होता. त्या समजानंच घात केला असता.

माझी मुलगी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि लोडशेडिंग ऐन भरात होतं. तिचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. ओतूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून कान तपासला आणि सांगितलं की पडद्याला भोक आहे, ऑपरेशन होईपर्यंत आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. परत पू झाला तर तो कान कायमचा जाईल. म्हणजे विहिरीत पोहणं बंद. परतताना एसटीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली.

आमच्याकडे पोरं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. हिनं आठवड्यात डबा सोडला होता. आता ती काठावर बसून भावाच्या पोरांच्या चपला सांभाळायची. ते मला बघवेना. म्हटलं, पाणी बाहेर ठेवायचं एवढंच ना? ते तर माझं रोजचं काम.

पहिली टोपी मी मोटारीच्या जुन्या ट्यूबची केली. टाकीत डोकं बुडवताच ती निसटून तरंगायला लागली. दुसरी इतकी घट्ट झाली की कपाळावर वळ उठला आणि पोरगी दिवसभर डोकं धरून बसली. तिसरीला कानांच्या जागी रबराच्या दोन वाट्या चिकटवल्या, कडेनं दुहेरी पट्टी दिली आणि हनुवटीखाली पट्टा घेतला. तपासायची माझी रीतही दुकानातलीच होती. तिच्या कानात तेलाचा बोळा घालायचा आणि कानामागे टायरमध्ये वापरायची पांढरी पावडर चोळायची. टोपी काढल्यावर पावडरीचा चिखल झालेला दिसला की नापास. तिसरी टोपीही तशीच नापास झाली.

चौथी घालून ती घरात हिंडत होती. बायकोनं तिला जेवायला तीनदा हाक मारली. ती पाठमोरी उभी होती, तिनं ओ दिली नाही. मला काय आनंद झाला! आवाज आत जात नाही, तर पाणी कुठून जाणार? तेव्हापासून टाकीत बुडवायच्या आधी मी ही परीक्षा घ्यायला लागलो. तिच्यामागे उभं राहून हाक मारायची. तिनं ओ दिली की टोपी नापास, नाही दिली की पास. पोरीलाही तो खेळच झाला. कडेला पट्ट्या चढत गेल्या, वाट्या जाड होत गेल्या आणि माझा आवाज तिच्यापासून लांब लांब जात राहिला.

बायको एकदा म्हणाली, "अवं, हाक मारल्यावर पोरीनं ओ द्याया पायजे. मला हे बरं वाटत न्हाई."

"तुला रबरातलं काय कळतंय?" मी खेकसलो. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

विहीर माझी आणि थोरल्या भावाची सामाईक होती. विहिरीवरची पाण्याची मोटार जुनी होती, आणि टेप गुंडाळलेला केबलचा जोड पाण्याजवळ लोंबत होता. मोटार चालू झाली की कधी कधी कडेचे बेडूक उताणे होऊन तरंगायचे. पाण्यात करंट उतरतो हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. दुरुस्ती त्यानं करावी असं मला वाटायचं, मी करावी असं त्याला. लाईट कधी येईल याचा भरवसा नव्हता म्हणून स्टार्टरला ऑटो बसवला होता, तोही मीच. मोटारीच्या शेडमधला बल्ब लागला की अर्ध्या मिनिटात मोटार आपोआप सुरू व्हायची. म्हणून आमच्या विहिरीचा एकच नियम होता. बल्ब दिसेल त्यानं ओरडायचं, "लाईट आली!" आणि पाण्यातल्या सगळ्यांनी पायऱ्या गाठायच्या. लहान पोरांनासुद्धा तो पाठ होता.

सहावी टोपी टाकीत पास झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिला विहिरीवर नेलं. लाईट तीनला यायची होती. पोरगी पायऱ्यांवरून सुळकन पाण्यात शिरली, दोन फेऱ्या मारल्या आणि पलीकडच्या बाजूला उताणी पडून राहिली. ऊन डोक्यावर होतं, तिनं डोळे मिटून घेतले होते. इतकं समाधान मी तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी बघत होतो.

"लाईट आली!" वावरातून वहिनी ओरडली.

भावाची तिन्ही पोरं पळत पायऱ्या चढली. ती तशीच पडून होती. मी हाक मारली. पुन्हा मारली, घसा फुटेस्तोवर. ती हलली नाही. आणि खोटं कशाला सांगू, एक क्षण माझ्या मनात आलं, पास झाली.

मग मी शेडकडे धावलो. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं, आत मोटारीचं घुमणं सुरू होतंय असं वाटलं, तसे मी तिन्ही फ्यूज उपटले. मोटार चालू होऊन बंद पडली की झालीच नव्हती, ते मला आजही सांगता येत नाही. परत काठावर आलो तेव्हा ती तशीच होती. उताणी, डोळे मिटलेले. मला फक्त बेडूक आठवत होते. पायऱ्या कशा उतरलो ते ठाऊक नाही, कपड्यांसकट उडी मारली आणि तिचा दंड धरला.

तिनं दचकून डोळे उघडले. "काय झालं पप्पा? सगळी कुठं गेली?"

मी तिला ओढतच पायऱ्यांवर आणलं. वर येऊन तिनं टोपी काढली, कानामागे बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. पावडर कोरडी ठक्क होती. "पप्पा, एक थेंब न्हाई!"

मी टोपी हिसकावून घेतली आणि दुकानात नेऊन सुरीनं तिचे तुकडे केले. पोरगी मागोमाग रडत आली होती. "माझं काय चुकलं? तुमीच म्हणला व्हता ना, हाक ऐकू आली न्हाई की पास?"

बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती. ती पुढं झाली आणि पोरीचं डोकं पुसायला लागली.

पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं, कान बरा झाला. केबलचा जोड मी दुसऱ्याच दिवशी बदलला होता, भावाला न विचारता. मुलगी आता सासरहून चार दिवस येते आणि आतल्या खोलीत काहीबाही करत असते. मी बाहेरून विनाकारण हाक मारतो. "काय वं पप्पा सारखं सारखं," म्हणून ती वैतागते. वैतागू दे. तिची ओ येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येत नाही.